मी शिकवलेले पोलीस

गणपतीतल्या नाटकांत मी आजवर एकोणीस वेळा मेलो आहे. एकदा तर इतका सावकाश मेलो की पहिल्या रांगेतले लोक घरी जाऊन जेवून आले, आणि परत आले तेव्हा मी अजून सुनेकडे पाणीच मागत होतो. यात वाढवून सांगितलेलं काही नाही. त्या दिवशी घरी वांग्याची भाजी होती असं ज्यांनी मला नंतर सांगितलं, ते आजही आमच्या बुढापाऱ्यातच राहतात, विचारून घ्या.

पोटापाण्याला माझं रायपूरच्या गोल बाजारात भांड्यांचं दुकान आहे. या धंद्यात हळू बोलणाऱ्याचं कोणी ऐकत नाही. समोर परातींवर ठोके पडत असतात, शेजारचा कढया आपटून दाखवत असतो, आणि त्यातून गिऱ्हाइकाला पातेल्याची जाडी पटवायची असते. चाळीस वर्षांत माझा आवाज असा झाला की घरी मीठ मागितलं तर तिसऱ्या घरातून येतं. बोलताना हातही चालतात. या हातांनी आजवर दोन चष्मे आणि एका नवरदेवाचा फेटा पाडलेला आहे.

मरणं आणि ओरडणं, या दोन गुणांवर मी पोलिसांचा मास्तर झालो.

झालं असं, की आमच्याच गल्लीतली एक मुलगी मनाच्या आजारांची डॉक्टर होऊन सरकारी दवाखान्यात लागली. तिला मराठी सगळी कळते, पण तोंडातून हिंदीच येते. मी मराठीत विचारतो, ती हिंदीत सांगते, आणि एवढ्या वर्षांत आमचा कधी गैरसमज झालेला नाही. शहरातल्या पोलिसांना शिकवायचं काम तिच्याकडे आलं. रस्त्यात एखादा माणूस घाबरून बिथरला असेल, त्याला नसलेले आवाज ऐकू येत असतील, तो कुठे उंचावर चढून बसला असेल, तर पोलिसांनी काय करायचं, हे शिकवायचं. पुस्तकातून शिकवलं की पोलीस झोपतात हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. तिला एक रोगी हवा होता, जो खरा नसेल आणि ज्याला लाज नसेल. ती सरळ दुकानात आली. घरी हे सांगितलं तेव्हा बायको पोळ्या लाटत होती. म्हणाली, तुम्हाले त्याच्यासाठी वेगळं काही करावं लागन असं वाटत नाही.

पोलीस लाइनीतल्या सभागृहात वेगवेगळ्या ठाण्यांतले पंचवीसेक जण बसवले होते. मी मधोमध उभा राहून छताच्या पंख्याशी भांडायला लागलो. पहिला शिपाई उठला, माझ्याजवळ आला, आणि त्यानं आधार कार्ड मागितलं. दुसऱ्यानं सवयीनं माझी कॉलर धरली, मग शिकवलेलं आठवून सोडली, आणि चुरगळलेली कॉलर तळहातानं इस्त्री करून परत नीट बसवली. तिसरा आमच्याच भागातल्या ठाण्याचा एक हवालदार. त्याचा आवाज माझ्याहून मोठा होता, आणि हे मी कोणाबद्दल लिहीन असं मला कधी वाटलं नव्हतं. गुढियारीच्या रेल्वे यार्डात मालगाडीचा डबा जोडतात तसा तो 'नमस्कार' म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी त्याला आवाज खाली घ्यायला सांगितला. त्यानं तो इतका खाली घेतला, की भांड्यांनी बहिरा झालेला मी तीन वेळा 'क्या?' म्हणालो आणि तिथेच माझं वेड संपलं.

पण हळूहळू ते शिकले. काठी गाडीत ठेवायची. सायरन कोपऱ्यावरच बंद करायचा. गर्दी आधी मागे न्यायची. बोलायचं एकानंच, बाकीच्यांनी गप्प. त्या माणसाच्या मागून जायचं नाही, वरून बोलायचं नाही. खाली बसायचं, आधी स्वतःचं नाव सांगायचं, मग त्याचं विचारायचं. नजर त्याच्यावरून काढायची नाही. आणि तो जे सांगेल त्यावर वाद घालायचा नाही. कोठडीत तर न्यायचंच नाही, दवाखान्यात न्यायचं. कायद्यातच तसं आहे म्हणे.

यातल्या वादाच्या कलमात माझी भर होती. मी कुठलाही वेडा केला, तरी थोड्या वेळानं ओरडायचो, मी ठीक आहे, बीमार तो आहे, आणि सभागृहातल्या कुणाकडे तरी बोट दाखवायचो. याला हशा यायचा म्हणून मी ते सोडलं नाही. डॉक्टरीणबाईंनी त्याचंही सोनं केलं. पोलिसांना सांगितलं, की आजारी माणूस बरेचदा असंच म्हणतो. तुम्ही त्याच्याशी भांडू नका, तो बोट दाखवील तिकडे पाहत बसू नका, त्याच्याकडे पाहा. पंचवीस जणांनी हे लिहून घेतलं. एका तरुण महिला शिपायानं तर खाली दोन रेघा ओढल्या.

मधल्या सुट्टीत मात्र डॉक्टरीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, थोड़ा कम. असली मरीज़ इतना सब नहीं करते. बड़े काका को देखते हैं ना आप?"

बडे काका म्हणजे माझा दादा. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. जमिनीच्या मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचा. बुढापाऱ्यात त्याच्याहून हळू बोलणारा माणूस झाला नाही. आमच्या घरातला सगळा आवाज माझ्या वाट्याला आला आणि सगळी सरळ रेघ त्याच्या. त्याचा आजार तिशीच्या आतच सुरू झाला. गोळ्या चालू असल्या की तो वर्तमानपत्र वाचतो, पट्टी पुसून ठेवतो, माझ्या दुकानाची पाटी रंगवतो. गोळ्या बंद झाल्या की आमचा बुढातलाव लहान व्हायला लागतो. कोणीतरी रोज तलावाचा काठ चार बोटं आत सरकवतं, आणि खरं माप फक्त दादाजवळ आहे, आणि ते त्याला एक दिवस विचारलं जाणार आहे. रायपुरातले इतके तलाव बघता बघता कॉलन्या झाले आहेत, की हे ऐकताना शेजारीपाजारी मान डोलवायचे. अर्ध्या लोकांना तर तो एकटाच शहाणा वाटायचा.

काही वर्षांपूर्वी तो असाच रस्त्यात मोजणीचा फीता लावून बसला असताना एका ठाण्याच्या लोकांनी त्याला उचललं. कुठलं ठाणं ते सांगत नाही, आता तिथली सगळी माणसं बदलली. उचलताना त्याचा डावा खांदा निखळला. संध्याकाळी मी पोचलो तेव्हा तो कोठडीच्या भिंतीला लागून उभा होता, कारण बसायला कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून तो हात कानाच्या वर जात नाही. आणि तेव्हापासून खाकी दिसली की दादा पळतो. पोस्टमन पाहूनही पळतो. आमचं टपाल म्हणून मी दुकानाच्या पत्त्यावर मागवतो.

हे मी सभागृहात कधी सांगितलं नाही. तिथे मी पंख्याशी भांडत होतो.

प्रशिक्षण संपताना डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना सांगितलं, की आता एक परीक्षा राहिली. ती सभागृहात नाही, कधीतरी रस्त्यावर होईल, आणि आधी सांगणार नाही. हवालदारानं माझ्याकडे पाहून मान हलवली. त्याला वाटलं मला तारीख माहीत आहे. मीही माहीत असल्यासारखा चेहरा केला. हा माझा स्वभाव.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी, अकराच्या सुमारास, बायकोचा दुकानात फोन आला. दादा घरात नव्हता, फीता खुंटीवर नव्हता, आणि पंधरा दिवस त्यानं न चुकता हातात घेतलेल्या गोळ्या त्याच्या पेन्सिलींच्या डब्यात सापडल्या होत्या. मी धावलो. गोल बाजार ते बुढातलाव मी जेवढ्या वेळात गेलो तेवढ्या वेळात स्कूटरही जात नाही. एक चप्पल वाटेत राहिली.

दादा पाण्यात होता, छातीपर्यंत. फीत्याचं एक टोक काठाच्या जाळीला बांधलेलं, दुसरं त्याच्या हातात. तिथल्या पायऱ्या पाण्याखाली थोड्याच आहेत, त्या संपल्या की एकदम खोल. आणि दादाला पोहता येत नाही. मी गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरून त्याला हाका मारायला लागलो.

तो वळला. "ओरडू नको," म्हणाला. "पाणी हालते. माप चुकते."

मी पुढे पाऊल टाकलं की तो एक पाऊल मागे घ्यायचा. मग मी परत वर आलो. काठावर पन्नासेक लोक जमले होते, मोबाईल काढून. नारळपाणीवाल्यानं मला धीर देत सांगितलं, की काळजी करू नका, तलावावर एक माणूस बिथरलाय असा पोलिसांना फोन झालेला आहे. मी त्याला हात जोडले. म्हटलं, परत लाव, सांग येऊ नका, काही झालेलं नाही.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "भैया, आप ही के दुकान में तो लिखा है. घबराइए मत, पुलिस को बुलाइए."

लिहिलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी दिलेलं पत्रक मी काउंटरच्या वर चिकटवलं होतं, गिऱ्हाइकांना वाचून दाखवायचो. त्यातला शब्द न् शब्द मला मान्य होता, दुसऱ्यांच्या भावांसाठी.

गाडी आली. कोपऱ्यावर सायरन बंद झाला, पण मला त्याचं कौतुक सुचलं नाही. खाकी उतरलेली दादानं पाहिली आणि तो एक पायरी खाली गेला. पाणी गळ्याशी आलं. मी पोलिसांकडे वळून दोन्ही हात पसरले आणि चाळीस वर्षांत कमावलेला सगळा आवाज काढला. थांबा, पुढे येऊ नका, तिथेच थांबा. गुडघ्यापर्यंत भिजलेला, एका चपलेवर, हात फिरवत ओरडणारा मी, आणि समोर तोच हवालदार, तीच दोन रेघा ओढणारी पोट्टी, आणि एक ड्रायव्हर.

हवालदाराचा चेहरा उजळला. पाठ केलेलाच प्रश्न पेपरात आला की पोरांचा उजळतो तसा.

त्यानं काठी गाडीत ठेवली. टोपी काढली. हातानं नुसती खूण केली, आणि बाकीच्या दोघांनी पन्नास लोकांना त्यांच्या मोबाईलसकट रस्त्यापार नेलं. मग तो बाजूनं वळसा घालून, मला दिसेल असा, पायऱ्या उतरला आणि माझ्या खालच्या पायरीवर तलावाकडे पाठ करून बसला. उन्हाळ्यात अकरा वाजता त्या दगडावर पापड भाजला असता. तो बसला आणि त्याच्या कपाळावर आठीसुद्धा आली नाही. त्यानं आपलं नाव सांगितलं, जे मला पाठ होतं. म्हणाला, मी इथेच बसलोय, काही घाई नाही.

"मैं नहीं," मी ओरडलो. "बीमार वो है. वो, पानी में."

"हाँ भैया," तो मऊपणे म्हणाला. "आपको लग रहा है, पानी में कोई है."

आणि त्यानं वळून पाहिलं नाही. नजर काढायची नाही, बोट दाखवील तिकडे पाहायचं नाही. त्याला हे मीच शिकवलं होतं, हशा यायचा म्हणून.

मी त्याला सांगितलं की मी दुकानदार आहे. तो म्हणाला, हो, दुकान आहे. मी म्हणालो, अरे ही परीक्षा नाही. तो म्हणाला, नाही, परीक्षा कशाची, आपण नुसतं बोलतोय. मी त्याला शिव्या घातल्या. त्या त्यानं ओळखीच्या पाहुण्यांसारख्या आत घेतल्या. सभागृहात मी याहून वाईट घातल्या होत्या. मी जितका चढत होतो तितका तो उतरत होता, आणि शेवटी मला त्याचं ऐकायला वाकावं लागलं. वाकलो तसा बसलो. 

"डर लग रहा है?" त्यानं विचारलं.

मी हो म्हणालो. कशाचं, त्यानं विचारलं. भाऊ बुडेल, मी म्हणालो. हे बोलताना माझा आवाज कुठे गेला कोण जाणे. तलावाचं पाणी ऐकू येत होतं. तो म्हणाला, मला भावाबद्दल सांगा.

मग मी सांगितलं. सभागृहात जे कधी सांगितलं नाही ते त्या तापलेल्या पायरीवर सांगितलं. खांदा कसा निखळला, तो भिंतीला लागून कसा उभा होता, पोस्टमनला कसा भितो. यात एकही गोष्ट मी वाढवली नाही. वाढवायची आठवणच झाली नाही. हवालदार ऐकत होता. त्याला हे माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम वाटत असावं. सगळं झाल्यावर त्यानं सावकाश, घडवून ठेवल्यासारखं एक वाक्य उच्चारलं.

"जिसने किया, गलत किया. वर्दीवाले ने किया, तो और गलत किया."

त्याच्या खांद्यावरून मला दादा दिसत होता. पाणी गळ्याशी नव्हतं, छातीशी होतं. तो ऐकत होता. खाकीतला माणूस जमिनीवर बसलाय, डोक्यावर टोपी नाही, हातात काही नाही, आणि आपल्या वाचाळ भावाचं ऐकून घेतोय, हे तो एखादा नकाशा तपासावा तसं तपासत होता. मी तोंड बंद ठेवलं. मला ओळखणाऱ्यांना यातच चमत्कार दिसेल. पाणी कमरेला आलं, मग गुडघ्याला. फीता हातावर गुंडाळत तो वर आला आणि हवालदाराच्या बाजूला उभा राहिला, ठिबकत.

"साहेब, याले काही करू नका," तो म्हणाला. "हा लहानपणापासून असाच आहे. आवाज मोठा आहे, मनात काही नाही."

हवालदारानं पहिल्यांदा मान वळवली. पाण्यात कोणीतरी होतं हे त्याला तेव्हा कळलं. मला वाटलं की आता तो उठेल, दादाला धरायला जाईल, आणि सगळं मातीत जाईल. पण ती पोट्टी वरून उतरून आली होती. तिनं दादाला आपलं नाव सांगितलं, त्याचं विचारलं, आणि म्हणाली की दुसऱ्या टोकाकडून मी गुंडाळू का, फीत्याला पीळ पडतोय. दादानं तिच्या खाकीकडे पाहिलं. मग जाळीकडे पाहिलं. पीळ खरंच पडत होता. तो म्हणाला, हव, पण सावकाश.

फीता गुंडाळून झाल्यावर त्यानं तिला विचारलं, "याले दवाखान्यात न्याचं असन ना? मी येतो संगं."

गाडीत तो माझ्या शेजारी बसला, आणि मी पळून जाऊ नये म्हणून त्यानं माझं मनगट धरून ठेवलं. डाव्या हातानं. पोट्टीनं पुढे हवालदाराच्या कानाशी काहीतरी सांगितलं, त्यावर तो बराच वेळ समोरचा रस्ता पाहत राहिला. पण आशा कोणाला सुटते. मागे वळून त्यानं मला हळूच विचारलं, की तरीपण, परीक्षेत नंबर किती मिळतील. उत्तर दादानं दिलं. म्हणाला, "बोलणं चांगलं होतं तुमचं. माणूस चुकला."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आम्हाला दारातच पाहिलं: एक जण एका चपलेवर, एक ओला, आणि दोघांच्या मागे टोपी हातात धरलेला पोलीस. तिनं कोणाला काही विचारलं नाही. दादानं माझी तक्रार सांगायला सुरुवात केली, की हा चौकात आरडाओरडा करतो, हात फेकतो, झोपेत पातेली विकतो. तिनं सगळं लिहून घेतलं. माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मी आजारी माणसासारखा बसलो; या खेपेला तिनं थोडं कमी करा असं म्हटलं नाही. लिहून झाल्यावर तिनं विचारलं, "और बड़े काका, आपकी नींद कैसी है?"

दादा फीत्याच्या गुंडाळीशी चाळा करत राहिला. म्हणाला, "गोळ्या मी घेत नाही. पंधरा दिवस झाले." आणि मग, "मले थकल्यासारखं होऊन राहिलं."

काही दिवस राहाल का, तिनं विचारलं. मन नसेल तर नका राहू. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, याले ठेवणार का? ती म्हणाली, यांचं घरूनही चालेल. दादाला ते पटलं असावं. त्यानं कागद वाचला, चारही कोपरे सारखे करून टेबलाला समांतर ठेवला, आणि स्वतःच्या हातानं सही केली.

खाट रिकामी व्हायला वेळ होता. वऱ्हांड्यात एकच बाक होता, त्यावर हवालदार आधीच बसला होता. त्याचं काम खरं तर संपलं होतं. दादा आधी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मग बसल्या बसल्या कलंडत गेला, आणि हवालदाराच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला, ओल्या कपड्यांत, तोंड उघडं टाकून.

मी घरून कोरडे कपडे घेऊन आलो तेव्हा पाऊण तास झाला होता. हवालदाराचा अर्धा सदरा भिजला होता. खिशातला फोन वाजून वाजून थांबत होता. मी म्हटलं, उठा आता, मी बसतो. त्यानं बोटानं मला जवळ बोलावलं आणि सभागृहात शिकवलेल्या त्या आवाजात सांगितलं, की आपल्याला मघापासून बाथरूमला जायचं आहे. मी म्हटलं, मग जा ना. त्यानं दादाकडे बघून नाही अशी मान हलवली, तीही हलकेच, खांदा हलणार नाही इतकी.